वही तपासताना

हेल्मी गुरुवारी वही ठेवून जाते.
निबंधाचा विषय मीच दिला होता, 'मला दिसलेलं पुणे',
आणि लाल पेनही मीच उघडलं.

"पुण्याची रस्ता कधी संपत नाही,
कारण ती नेहमी खणलेली असते."
पुण्याचा. तो. खणलेला.
बाकी काही सुचवण्यासारखं नाही.

"भाजीवालाला मी धन्यवाद म्हटली. तो हसला,
बायकोला बोलावून परत म्हणायला सांगितला."
भाजीवाल्याला. म्हटलं. सांगितलं.
मंडईतला हा माणूस माझ्या ओळखीचा असणार.
तीस वर्षांत मी त्याला
'महाग लावलेस'पलीकडे काही बोललेले नाही.

"बघू म्हणजे नाही. नक्की म्हणजे बघू."
अक्षर सुटं काढ,
एवढंच समासात लिहिते.

"बसमध्ये एका आजींनी विचारला, लग्न झालं का,
पगार किती, मूल का नाही. मग स्वारगेट आला.
नाव विचारला नाही.
आमच्याकडे कोणी काहीच विचारत नाही.
माझे वडील मेले तेव्हा शेजाऱ्याने
आमच्या दारातला बर्फ काढला आणि तो घरी गेला."
विचारलं. आलं. विचारलं नाही.
'मेले' खोडून 'वारले' लिहिते.
मग माझंच 'वारले' खोडते.
वडील तिचे आहेत.

पान चार, अगदी तळाशी, बारीक अक्षरात:
"बाईंच्या घरी सहा कप आहेत.
छबूताईंचा कप सातवा आहे.
तो खिडकीत असतो.
त्याचा कान तुटला आहे."

लिंग बरोबर. विभक्ती बरोबर.
अनुस्वारसुद्धा जिथल्या तिथे.
तीन महिन्यांत पहिल्यांदा
सलग चार वाक्यं,
आणि पेन नुसतंच वर धरलेलं.

शुक्रवारी सातवा कप मी
ओट्याखाली, डब्यांमागे सरकवला.
छबूताईला सहांतला एक दिला, निळ्या काठाचा.
तिने तो फिरवून बघितला. खाली ठेवला.
"माझा कुठाय?"
म्हटलं, राहू दे, यातच घे.
ती वाकली, डबे हलवले, कप काढला, विसळला,
चहा त्यात ओतून घेतला
आणि निळा माझ्याकडे सरकवत म्हणाली,
"फुटला तर पगारातनं जायचा, बाई."

हेल्मीची वही अजून टेबलावर आहे.
गुण द्यायचे राहिलेत.