विलोपन

तबस्सुमच्या मावसभावाने दिलेलं जाड पुस्तक,
मन आणि समाजाचे धडे त्यात.
आपल्या पेपरात हे येत नाही,
तरी भोईवाड्याच्या अभ्यासिकेत
दिवे जाईपर्यंत आम्ही ते चाळतो.

घंटा, मांस, लाळ. अभिजात अभिसंधान.
कुत्र्याच्या चित्रावर मी फूटपट्टी ठेवते.

कारण केईएमची रात्रपाळी संपवून आई दुपारी झोपते,
आणि खाली कुल्फीवाल्याने घंटी हलवली
की डोळे मिटलेलेच, उठून बसते:
"आले, नऊ नंबर, आले."
पायांनी चपला शोधते.

तबस्सुम पुढचं वाचते: भूमिका-संघर्ष.
उदाहरण लिहा.
मग माझ्याकडे बघून पान उलटते.

विलोपन: घंटा वाजत राहिली, मागून काहीच आलं नाही,
तर प्रतिसाद हळूहळू विझतो.

कुल्फीवाला तर रोजचा.
घरात नऊ नंबरची खाट कधीच नव्हती,
एकच आहे, तिच्यावर आई.
अकरा वर्षं झाली.

समासात मी पेन्सिलीने लिहिते: चूक?
मग खोडते,
आणि मूत्रपिंडाची आकृती काढायला घेते.

उद्या साडेतीनच्या आत
चपला पलंगाखाली लांब सरकवून ठेवायच्यात.