तीनच गोळ्या

रक्तदाता आला नाही आज,
मीच बाही सारली वर.
मॉराग म्हणाली, हात सैल सोड.
चार वाजताच डंडीत अंधार,
टे नदीवर एकच दिवा हलतोय.

नळीत माझ्याच पांढऱ्या पेशी,
दिवसभराच्या सोबती.
भोवतीच्या द्रवात औषध नावापुरतं,
यांच्या पोटात शेकडो पट:
आंबट कोठडीत शिरलं की अंगावर भार चढतो,
मग आल्या दाराने जाता येत नाही.
वहीत मी फक्त आकडा लिहिला.

फलटणहून अण्णांचा फोन.
"तीनच गोळ्या? न्यूमोनियाला?"
संपल्या तरी आत राहतात, अण्णा.
पेशी धरून ठेवतात,
दुखतंय तिथे नेऊन देतात.
"गुणाच्या आहेत की," ते खोकत म्हणाले,
"जगतात किती?"

सेंट्रिफ्यूज थांबलंय, म्हटलं,
ठेवते.