उजळाईवाडी ते शमशाबाद

रस्त्यानं पाचशे तीसच्या आसपास.
डोळे मिटून सांगतो:
हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज,
कवठ्याला चहा,
सांगोला, मंगळवेढा, सोलापूर,
नळदुर्गात ड्रायव्हर तोंडावर पाणी मारणार,
उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद,
आणि उजाडता उजाडता हैदराबाद.
एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो.
या रस्त्यावरचा दगड न् दगड माझ्या हाताखालचा.

काउंटरवरच्या पोरीला विचारलं,
हवेतनं किती किलोमीटर?
ती म्हणाली, एक तास दहा मिनिटं, काका.
मी अंतर विचारलं, तिनं वेळ सांगितली.
आमच्या वेळी अशा उत्तराला मेमो होता.

पिशवी काट्यावर ठेवली. सहा किलो चारशे.
गुळाच्या दोन ढेपा, चटणीचा डबा,
आणि तळाशी वर्तमानपत्रात बांधलेला
तिकिटांचा एक गठ्ठा,
त्याचं वजन त्या काट्यात आलं असेल असं वाटत नाही.

दस्तगीर मुल्लाणी, कंडक्टर, रातराणी.
ट्रेमध्ये एक गठ्ठा कमी भरला.
मी रिपोर्ट लिहिला: अपहार.
हा शब्द लिहायला मला तेव्हा आवडायचा,
अक्षर चांगलं होतं माझं.
तो काहीच बोलला नाही. चिमटा टेबलावर ठेवला,
आणि ज्या गाडीत तिकिटं फाडायचा
त्याच गाडीनं, तिकीट काढून,
मेव्हण्याकडं हैदराबादला गेला.

सहा वर्षांनी ऑफिसला रंग काढला
तेव्हा कपाटामागं सापडला गठ्ठा.
कोराच्या कोरा. रबर तेवढं कुजलेलं.
मी तो घरी आणला
आणि घरच्या कपाटामागं ठेवला.
बावीस वर्षं.

जायचं ठरलं तेव्हा हिशेब असा होता:
मिरजेपर्यंत नुसतं बसायचं.
सांगोला सोडला की पहिलं वाक्य जुळवायचं.
सोलापूरला खाली उतरून एकदा मोठ्यानं म्हणून बघायचं,
स्टँडवर कोण ऐकतंय.
नळदुर्ग ते उमरगा अंधार असतो,
डोळ्यांना काय करायचं ते त्यांनी करावं.
जहिराबादला तयार.
पण पुतण्या म्हणाला, या वयात रातराणी नको,
आणि मोबाईलवर बोट फिरवून
सगळी गावं पुसून टाकली.

विमानाला पंखे होते. बरं वाटलं,
फिरताना काहीतरी दिसलं पाहिजे.
खाली ऊस, धुराडी, पंचगंगेचं एक वळण,
मग ढग.
ढगाला ना फाटा, ना थांबा.
मिरज कधी गेली कळलं नाही.
मी म्हणालो, मनातच,
दस्तगीर, ते तिकिटांचं...
तोवर पट्टा बांधायची सूचना झाली.

एवढंच वाक्य घेऊन उतरलो.

काचेपलीकडं तो उभा. दाढी पांढरी,
उभं राहणं तेच, एक पाय पायरीवर असल्यासारखं.
मनगट वर करून म्हणाला,
"पंधरा मिनिटं लेट, कंट्रोलर."

खिशातली वही काढली मी, सवयीनं.
निर्गमन लिहिलं होतं. आगमन लिहिलं.
अंतराचा रकाना तसाच राहिला.
"दस्तगीर, ते तिकिटांचं..."
"आधी पिशवी दे," म्हणाला,
आणि आत काय आहे न विचारता
एका हातानं उचलून चालू लागला.