खुर्च्या लावणारा

शनिवार सुट्टीचा.
तरी शुक्रवारी रात्री निरोप आला:
उद्या दहाला सगळे न्यायमूर्ती बसणार,
मोतालेब, मोठं दालन उघडून ठेव.
का, ते शिपायानं विचारायचं नसतं.
बत्तीस वर्षांत मी दोनच प्रश्न विचारलेत:
साखर किती,
आणि दिवा मालवू का.

त्या आठवड्यात ढाक्यात पोलीस नव्हते.
जुनं सरकार एका दुपारी उडून गेलेलं,
नवं दोन दिवसांचं,
अजून टाळूही भरली नव्हती त्याची.
माझी तुलतुल शाहबागच्या चौकात
गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात मोडक्या छत्रीची दांडी,
ट्रक अडवत होती.
आणि ट्रक थांबत होते!
माझ्या शब्दावर आजवर
लिफ्टसुद्धा थांबलेली नाही.

मी खुर्च्या पुसल्या.
एकीचा पाय आखूड आहे,
ती कुणाच्या वाट्याला द्यायची ते मला कळतं:
जो तक्रार करणार नाही, त्याच्या.
काळे झगे झटकले, डांबरगोळ्या खाली पडल्या,
टेबलाखाली घरंगळत गेल्या.
पेल्यांवर बशा झाकल्या.
ह्यात कट होता का?
असलाच, तर माझ्या हाताला तो
ओल्या फडक्याएवढाच लागला.

साडेनऊला माजार फाटकाकडून आवाज आला.
आधी गारा पडल्यासारखा,
मग भिंतीच बोलू लागल्यासारखा.
बाहेर पोरं सांगत होती:
हे आत बसतील, चहा पितील,
आणि एका ओळीत नवं सरकार बेकायदा ठरवतील,
बंदुकीला जमलं नाही ते शाईनं करतील.
असेल.
नसेलही.
मी निकालांच्या फायली वाहिल्या आहेत खांद्यावर,
एवढं सांगतो,
माणूस फासावर जातो ती फाईल
बहुतेक वेळा हलकी असते.

दहाला पाच कमी असताना फोन वाजला.
सभा रद्द.
एवढेच दोन शब्द, मग पलीकडे श्वास,
मग तोही नाही.

मी खुर्च्या उचलू लागलो
तेव्हा मागच्या दारानं एकटेच आले
न्यायमूर्ती तालुकदार.
बुटांना चिखल, कपाळावर घाम,
त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.
नेमके त्या आखूड पायाच्या खुर्चीत बसले,
डुगडुगले, सावरले,
रिकाम्या दालनाकडे बघत राहिले.
बाहेर त्यांच्या राजीनाम्याची घोषणा चालू होती,
नाव चुकीचं उच्चारत होते.
मी कोरा चहा दिला.
पेला हातात धरून त्यांनी मला विचारलं,
मला,
"मोतालेब, आज इथे काय होणार होतं?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.
साक्षीदाराकडे बघून खरंखोटं ओळखणारी ही माणसं,
मी तर त्यांच्या चपला ओळखतो फक्त.
म्हणालो, "चहा होणार होता, साहेब."
ते हसले नाहीत.
रागावलेही नाहीत.
साखर मात्र त्या दिवशी दोनदा घातली.

संध्याकाळी बातम्यांत डाव उधळला गेला होता.
दुसऱ्या वाहिनीवर डाव नव्हताच,
नुसती बैठक होती.
रिक्षावाला म्हणाला,
चाचा, तुम्ही तर आतले, तुम्हीच सांगा.
मी आतला!
आत असूनही माझ्याकडे
एक किल्ली होती, नि खुर्च्यांचा आकडा.

शाहबागला छत्रीची दांडी आडवी आली.
दिवसभराच्या उन्हानं काळवंडलेली तुलतुल.
"अब्बा, तुम्ही तिथे होतात?"
"होतो."
"काय करत होतात?"
"खुर्च्या लावत होतो."
"कुणासाठी?"

मागे बसचे भोंगे सुरू झाले.
मी तोंड उघडलं, मिटलं.
तिनं दांडी लगेच उचलली नाही.
आधी एक रुग्णवाहिका सोडली,
मग भाजीचा एक हातगाडा,
मग मला.