नऊ मिनिटं

टेरिफिप ते ओकबिल :
अंतर बत्तीस किलोमीटर,
उड्डाण नऊ मिनिटं.
शेडच्या फळीवर हे मीच लिहिलंय, कोळशाने.
पाऊस पुसतो, मी पुन्हा लिहितो.
बत्तीसच का, एकतीस का नाही, मला माहीत नाही.
मोजणारा वरून गेला होता.
आम्ही पापुआतले डोंगरी लोक खालून जातो,
तेव्हा तीन दिवस लागतात,
नदी फुगली असेल तर चार,
आणि वाटेत कुणाच्या घरी मयत निघालं
तर मग धरबंधच नाही.

पहाटे पाचला रेडिओ खरखरतो.
खिंड दिसते का, विचारतात.
मी सांगतो, खालचा ओठ दिसतोय,
वरचा अजून नाही.
नवा वैमानिक असला की हसतो.
जुना असला की म्हणतो बरं,
आणि तिकडेच चहा टाकतो.

माझ्याकडे कॉफीची पोती तोलायचा काटा आहे.
त्यावर माणसं चढतात,
पिशवीसकट, तान्ह्यासकट,
आणि मी आकडा मोठ्याने वाचतो.
लाजायची सोय नाही.

युमसेप, माझी बहीण : सत्तावन्न.
नववा महिना. तिकडे दवाखाना आहे, सासरही.
पोटातल्याचं वेगळं तिकीट नसतं.
फागीम मामा : त्रेचाळीस.
कोंबडा : दोन.
रताळ्याचे वेल, ओल्या शेवाळात बांधलेले : चार.

वैमानिकाने तीन बोटं दाखवली.
तीन किलो जास्त.
आमची धावपट्टी उतरती, आणि ती संपते तिथे
जमीनही संपते;
तीन म्हणजे तीनच.

मामाने कोंबड्याकडे पाहिलं. तो काढून भागत नव्हतं.
वेलांकडे पाहिलं. ते तीन दिवसांत सुकले असते.
मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं,
बराच वेळ,
जणू बाजारात कुणी विकायला मांडलेत.
"मी उतरतो," म्हणाला.

मामा, अरे नऊ मिनिटांचं काम!

"तेच तर. तिच्या सासरचे विचारतील
वाट कशी होती.
नऊ मिनिटांत काय होतं रे सांगण्यासारखं?"

त्याच्या जागी कॉफीचं पोतं गेलं.
त्याला पट्टा बांधला, नीट, माणसासारखा.

विमान दरीत पडल्यासारखं उतरलं,
मग वर आलं, मग खिंडीत शिरलं.
मी घड्याळ धरून बसलो.
कधी नव्हे ती नऊ मिनिटं मला लांब वाटली.
आतमध्ये माझी बहीण होती म्हणून असेल.
रेडिओ म्हणाला, उतरलो.
मी वहीत लिहिलं.
आणि खालून, पहिल्या वळणाच्याही अलीकडून,
मामाच्या काखेतला कोंबडा आरवला.

दुसऱ्या दिवशी खिंड बंद.
तिसऱ्या दिवशीही.
रेडिओवर नुसती मुलगी झाल्याची बातमी आली,
तीन किलो शंभर.
आकडा ऐकून मला उगाच हसू आलं.

पाचव्या पहाटे मीच बटण दाबलं.
हवामान राहू दे,
मामा पोचला का?

"काल संध्याकाळी."

बरा आहे?

"पाय सुजलेत."

काय करतोय?

खरखर झाली.
मागे कुणीतरी हसत होतं, बरीच माणसं होती,
आणि एक कोंबडा.

"अजून दुसऱ्या दिवशीच्या पुलापाशी आहे,"
तो म्हणाला,
"सांगतोय."