चौथा नंबर

खजुरी बाजारात रद्दीवाल्याकडे किलोवर
अमेरिकन मासिकं मिळायची, पानं एकमेकांना चिकटलेली.
हेरंब लघाटे ती स्टीलच्या पट्टीनं सोडवायचा, श्वास रोखून.
त्यातच त्याला रसेल सापडला.
तेरा मोसम, अकरा विजेतेपदं.
"संपलं," म्हणाला, "आता बोलायचं काय?"

आम्ही एकोणतीस वर्षं बोललो.

डिसेंबरचा शेवटचा रविवार,
रेसकोर्स रोडचं कोर्ट, सकाळचा खेळ
(खेळ म्हणजे पुढे पुढे नुसते फ्री थ्रो,
मग तेही दुसऱ्यांचे, बाकावर बसून),
मग पोहे, वर शेव, वर जिरावण,
आणि मुर्तजाच्या दुकानाचं बिलबुक:
सियागंज, नट-बोल्ट, घाऊक व किरकोळ.
'माल'च्या रकान्यात एक ते दहा.
वर मथळा, सार्वकालिक. शब्द हेरंबचा.
मुर्तजा म्हणे, सार्वकालिक म्हणजे पुढच्या डिसेंबरपर्यंत.
खाली कार्बन. पिवळी प्रत बुकात राहायची,
पांढरी हेरंब घरी न्यायचा, चुका काढायला.

माझा जॉर्डन. त्यात काय नवल, अर्ध्या जगाचा तोच.
पण मी त्याला अपुरा पाहिलेला:
ह्यूस्टनच्या मावसभावानं पाठवलेली कॅसेट,
दोन मिनिटं उरलेली, गुण बरोबरीत,
त्यानं उडी घेतली
आणि एकदम देवासची मुंज.
बटूच्या डोक्यावर अक्षता,
मामा कॅमेऱ्याकडे बघून लाजतोय.
तो सामना कोण जिंकलं, मी कधी विचारलं नाही.
माझ्या यादीत तो अजून खाली आलेला नाही.

"तू तर रसेलला अपुरंही पाहिलं नाहीस," मी म्हणायचो.
"म्हणून तर," हेरंब म्हणे.
"तुझा बघून मोठा. माझा न बघता."
मुर्तजाचा करीम. वीस मोसम, एकच हुक,
"भिया, दुकान असंच चालतं."
चेंबरलेनच्या शंभर गुणांवरून एकदा प्लेट उलटली,
दोन महिने अबोला,
शेवटी मुर्तजाच्या मुलीच्या निकाहात
हेरंबनं पंगतीतून कागदी रुमाल पाठवला:
बरं. सहावा. बिर्याणी उत्तम.

स्वतः हेरंब पाच फूट सहा.
नेम असा की बॉल रिंग सोडून झाडाला.
पण अडवायचा. कसा, ते मला अजून कळलेलं नाही.
विद्यापीठाच्या सामन्यात माझा सरळसोट ले-अप
त्यानं मागून येऊन काढून घेतला.
आम्ही एकाच संघात होतो.
"सवय," म्हणाला.

सप्टेंबरात तो गेला. एमवायमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
नळ्यांमधून बोट वर करून मला म्हणाला, एक.
नर्सला वाटलं, पाणी एक घोट.

या डिसेंबरात दोन प्लेटी.
कोर्टावरची पोरं म्हणाली, काका, तुमची यादी शिळी झाली,
आणि जी नावं घेतली ती आम्ही नीट ऐकलीही नाहीत.
मुर्तजानं कार्बन सरळ केला. एक असं लिहिलं. थांबला.
"भिया, या साली त्याच्या रसेलला देऊन टाक.
फक्त या साली."

मी जवळजवळ हो म्हणालो होतो.
पण हेरंब आयुष्यात कधी हुलकावणीवर उडाला नाही.
खांदा कितीही हलवा, डोळे कुठेही फिरवा,
तो पाय रोवून उभा, बॉल सुटेपर्यंत.
ही दया त्यानं सियागंजातूनच ओळखली असती.

गेल्या वर्षी रसेल माझ्याकडे तिसरा होता.
"चौथा," मी म्हणालो. "लिही. दाबून लिही,
खालपर्यंत उमटलं पाहिजे."

मुर्तजानं माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं.
दहाही झाले. एकाही नावावर भांडण नाही,
पोहे गरम होते तोवरच यादी पुरी.
त्यानं सवयीनं पांढरी प्रत फाडली,
घडी घातली,
आणि ती हातात धरून बसला.