गृहपाठ तिसरा

शनिवारी साडेतीनला अंबडच्या कारखान्यातून निघते,
हाताला साबणाने न जाणारा तेलाचा वास,
आणि चारला वर्गात असते. आम्ही अकराजण.
एकलहऱ्याच्या बॉयलरवरचे खैरनार, नातू झालेला माणूस,
ओझरहून येणारी शाझिया, विमानाच्या पंखातले रिव्हेट तपासते,
आणि दौलत पिंगळे, ज्याच्या बायकोला अजून वाटतं
हा शनिवारी कुठेतरी पत्ते कुटतो.

पहिल्याच दिवशी सोहोनीबाई म्हणाल्या,
अणुभट्टी बंद केली म्हणजे बंद होत नाही.
साखळी तुटते, ऊब मागे राहते:
त्या क्षणी शेकडा सात, तासाने दीड, दिवसाने अर्धा.
त्या अर्ध्यालाही पाणी लागतं,
पाण्याला पंप, पंपाला वीज, विजेला डिझेल,
डिझेलला कोरडी जागा.
खैरनार पुटपुटले, आमच्याकडे विझलं की विझलं बुवा.

तिसरा गृहपाठ: जवळची नदी घ्या.
काठावर एक भट्टी आहे असं समजा.
जनित्र किती उंचीवर ठेवाल? कारणे द्या.

धरणाच्या विसर्गाचे आकडे मिळवले, चाळीस पावसाळ्यांचे.
आलेख चढत चढत मध्येच संपला,
पुढे तुटक रेघ, हजार वर्षांतून एकदा.
एकदा म्हणजे कधी, ते रेघेला कुठलं ठाऊक.
मुलाच्या कंपासपेटीतली पेन्सिल, रात्रीचा दीड,
नवरा झोपेतच म्हणाला, दिवा.

रविवारी मोजपट्टी घेऊन गोदाघाटावर गेले.
दुतोंड्या मारुती उभा, पायाशी कुणाचं तरी धोतर वाळत.
नाशकात पूर फुटांत कोणी सांगत नाही.
गुडघ्याला लागलं का? कमरेला?
पुण्याहून फोन येतो तोही एवढंच विचारतो.
मी पट्टी लावली. घोटा, गुडघा, कंबर, लिहून घेतलं.
पिंपळाला आरसा टांगून बसलेला न्हावी
गिऱ्हाइकाचा गाल धरून बघत होता.
"कपडे शिवताय का त्याला?"

गृहपाठ सांगितला. अणुभट्टी म्हणताच
त्याने नदीच्या दोन्ही अंगांना पाहिलं.
"समजा आहे," मी म्हणाले. "नाहीये."
"मग ठीक."
वस्तरा पुसत तो सांगू लागला:
"घोट्याला लागलं की आरसा उतरवतो.
गुडघ्याला लागलं की खुर्ची वर, त्या चहावाल्याच्या माडीवर."
"आणि कमरेला?"
"कमरेला मी इथं असतोय कशाला, बाई?
पाणी बघून नाय निघायचं. ऐकून निघायचं."

हे तसंच लिहिलं, परिच्छेद ४.२,
स्रोत: एकनाथ बिडवे, केशकर्तन, गोदाघाट.
वीसपैकी तेरा मिळाले.
समासात लाल शाई: बिडव्यांना विचारलंत, बरं केलंत.
त्यांच्या आजोबांनीही न पाहिलेला पूर
कुणाला विचाराल?

सोमवारी चाचणीच्या टेबलावर
साडेबारा बारला उघडायची झडप तेराला उघडली.
सूट तीन टक्क्यांची, ही चार.
पुन्हा दाब दिला. बारा पूर्णांक सात.
"बसली की मॅडम," गांगुर्डे म्हणाला, "सही ठोका, टेम्पो उभाय."
झडप सिन्नरच्या एका दूध डेअरीची.
अणूशी तिचा दुरूनही संबंध नाही,
आणि दुसऱ्या वेळी ती बरोबरच उघडली होती,
हेही खरं.

पेन टोपणात घातलं.
"पहिल्यांदा का नाही उघडली?"
गांगुर्ड्याने टेम्पोवाल्याला हाताने थांब म्हटलं,
पाने घेऊन झडप खोलायला बसला, न बोलता, रागाने.
मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते
स्प्रिंगच्या वेटोळ्यांत काय अडलंय ते,
आणि मध्येच डोळ्यांसमोर येत होता
तो पिंपळ, त्यावर नुसता खिळा,
पाणी अजून घोट्याला.